पणजोबा फौजेत होते एवढंच माहितीय, आता पुढं काय करायचं?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बार्शीकडच्या एका पोरानं विचारलंय की त्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धात "बसऱ्याला" गेले होते, परत आले आणि म्हातारे होऊन घरीच वारले. घरात त्यांचं एक गोल चांदीचं मेडल आहे, त्यावर घोडा आहे म्हणून घरचे म्हणतात ते घोडदळात सुभेदार होते. दुसरे त्याच्या आजोबांचे धाकटे भाऊ, ते ७१ च्या लढाईत गेले, मराठा रेजिमेंटला होते. आता भावकीनं ठरवलंय की दोघांचे पुतळे बसवायचे आणि गावजेवण घालायचं. तर माहिती कुठून काढायची आणि हे सगळं रीतसर कसं करायचं?

मी स्वतः फौजेत क्लार्क होतो, त्यातली बरीच वर्षं रेकॉर्ड ऑफिसात गेली. रिटायर होऊन जुळे सोलापुरात आलो तेव्हापासून असली कामं घरी येतातच, कोण डबा घेऊन येतो, कोण फाटकी पिशवी, त्यात मेडलं, डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद सगळं एकत्र कोंबलेलं. म्हणून जरा लांबण लागेल, वाचा निवांत.

पहिली गोष्ट, पुतळ्याचं आत्ता थांबवा. मी पुतळ्याच्या विरोधात नाही ओ, पण माहिती नसताना केलेला पुतळा म्हणजे कुणाचाही पुतळा. पहिल्या महायुद्धातल्या शिपायाच्या हातात इन्सास रायफल दिलेली मी आपल्याच जिल्ह्यात बघितलीय, डोक्यावर आजची बेरेट, छातीवर पाच-सहा मेडलं जी त्या माणसाला कधी मिळालीच नव्हती. कारागिराचा काय दोष, त्याला फोटो दिला मोबाईलवरचा, त्यानं केलं. त्या माणसाचा नंबर, रँक, नाव, पलटण आणि कुठं होता, एवढं खरं-खरं हातात आलं की मग पुतळा करा, पाटी करा, काय करायचं ते करा. नुसतं "शूरवीर योद्धा" लिहिलं तर नाव पुसून दुसऱ्या कुणाचंही घातलं तरी चालतंय.

आता मेडल. एका बाजूला राजाचं डोकं (पंचम जॉर्ज) आणि दुसऱ्या बाजूला उघडा माणूस घोड्यावर, बाजूला १९१४ आणि १९१८. हे असलं तर ते ब्रिटिश वॉर मेडल. तो घोडेस्वार म्हणजे त्यांचा सेंट जॉर्ज, तो सगळ्यांच्याच मेडलवर आहे, पायदळ असो, तोफखाना असो नाहीतर खेचरवाला असो. त्यामुळं "घोडा आहे म्हणजे घोडदळात" हे डोक्यातून काढा, ही चूक दहातल्या सहा घरात असते. खरी माहिती चेहऱ्यावर नाही, कडेवर असते. मेडल उभं धरा, नाण्याच्या कडेसारखी जी जाड कड आहे तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली दिसतील, आधी नंबर, मग रँक, मग नाव, मग पलटण. दिवसा खिडकीपाशी बसा, भिंग घ्या, मोबाईलची बॅटरी समोरून न मारता बाजूनं तिरकी मारा, अक्षरं उठून दिसतात.

आणि हात जोडून सांगतो, घासू नका. पितांबरी नाही, चिंच-मीठ नाही, राख तर अजिबात नाही. दर दसऱ्याला पूजेत ठेवायचं म्हणून शंभर वर्षं घासलेलं एक मेडल माझ्याकडं आलं होतं, कडेवर नुसता शेवटचा "स" उरला होता, बाकी सगळं गुळगुळीत. भक्तीनंच पुसलं गेलं की ते! काळं पडलेलं राहू द्या, कोरड्या सुती फडक्यानं धूळ पुसायची, बास.

कडेवर काय लिहिलेलं असेल? आपल्या भागातला माणूस असेल तर बहुतेक "११० मराठाज" नाहीतर १०३, १०५, ११७ असला काहीतरी आकडा, स्पेलिंगमध्ये मराठाच्या मधे एक जास्तीचा "एच" असतो, ते जुनं स्पेलिंग आहे, चूक नाही. "३ एस अँड एम" दिसलं तर खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे फौजेतले इंजिनियर. "पायोनियर्स" म्हणजे रस्ते-खंदक करणाऱ्या पलटणी, त्या लढायच्यासुद्धा. १९२२ साली या सगळ्या पलटणींचे नंबर बदलले, म्हणून जुना आकडा गुगलवर टाकून आजची पलटण सापडत नाही आणि लोक वैतागतात. १०३ वी ती आजची पहिली मराठा, टोपणनाव जंगी पलटण. १०५ वी ती दुसरी मराठा, टोपणनाव काली पाचवी. ११० वी १९२२ नंतर ३/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण) झाली आणि स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन आता २ पॅरा आहे. म्हणजे पणजोबा ११० चे निघाले तर तुम्ही मराठा रेजिमेंटच्या कार्यक्रमाला जाल आणि त्यांची खरी पलटण लाल टोपी घालून तिसरीकडंच असेल, गंमत आहे ना?

"बसऱ्याला गेला" हा शब्द आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी सगळ्या मेसोपोटेमियासाठी असायचा, म्हणजे आजचा इराक. पुण्याची सहावी डिव्हिजन तिकडं गेली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकली, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने. धान्य संपलं, घोडी मारून खायची वेळ आली, आपल्या बऱ्याच शिपायांनी धर्मापायी ते मांस खाल्लं नाही आणि अशक्त होऊन पडले. शेवटी शरणागती. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या ताब्यात गेली, त्यात बहुसंख्य हिंदुस्थानी, आणि त्यातली कितीतरी वाळवंटात चालवत नेताना नाहीतर रेल्वेच्या कामावर मेली. घरात "पणजोबा कोंडले होते", "गवत खाल्लं", "तुर्काच्या कैदेत होते" असलं काही बोलणं कानावर आलंय का, आजीला, आत्याला विचारा. मेडलवर ११० निघालं आणि आत्या म्हणाली गवत खाल्लं, तर धागा जुळायला लागला. नक्की झालं असं म्हणू नका, कारण मागाहून भरतीला गेलेली माणसंही त्याच पलटणीत असायची.

विचारताना आधी बायकांना विचारा हा माझा अनुभव. पुरुष रँक वाढवून सांगतात, शिपायाचा नायक, नायकाचा सुभेदार, चौथ्या पिढीला कॅप्टन. म्हातारी मात्र सांगते "मनीऑर्डर यायची बंद झाली तेव्हा सासूनं पाटल्या मोडल्या", आणि तिला सणावरून महिना आठवतो. एका घरी तर आजीच्या ट्रंकेत तळाला मनीऑर्डरच्या पावत्या निघाल्या, साडीच्या चिंधीत गुंडाळलेल्या, त्यावर पाठवणाऱ्याचा नंबर आणि पलटण स्पष्ट. घरातले पुरुष वीस वर्षं फौजेला पत्रं लिहीत होते, कागद पलंगाखाली.

चावडीही बघून या. युद्धानंतर इंग्रजांनी खूप गावांत छोटी संगमरवरी फरशी बसवली होती, "या गावातून इतके लोक १९१४–१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले" एवढंच, इंग्रजीत नाहीतर मराठीत, नावं नसतात. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीचं स्मारक सगळ्यांना माहितीय, तिथले ४६ जण गेले होते, पण तसल्या साध्या फरश्या आपल्याकडच्याही जुन्या चावडीत, शाळेच्या भिंतीत सापडतात, वर चुन्याचे चार हात बसलेले असतात. लढाईवरून आल्यावर काहींना जमीनही मिळाली होती, तसं घरात बोललं जात असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जुने फेरफार काढा, मोडी असेल तर वाचून देणारी माणसं सोलापुरात आहेत.

ज्यांचे पूर्वज परत आलेच नाहीत त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाईट आहे, फुकट आहे, दोन्ही महायुद्धांत मेलेल्या १७ लाख लोकांची नोंद तिथं आहे. पण शोधायची खुबी आहे. आपल्या लोकांचं आडनाव बहुतेक नसतंच, नुसतं "भिवा", "तुकाराम", "शेख इमाम", खाली वडिलांचं नाव आणि गाव. आणि सोलापूर इंग्रजीत आजच्यासारखं लिहून काही सापडणार नाही, तेव्हा "शोलापूर" लिहायचे, एस नंतर एच घाला. मंगळवेढा तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि अक्कलकोट स्वतःच संस्थान, त्यामुळं तिथल्या माणसाच्या नावापुढं जिल्हा भलताच दिसला तर घाबरू नका. "ज्ञानू"चं स्पेलिंग साहेबानं कानाला ऐकू आलं तसं केलंय, पाच-सहा प्रकारे टाकून बघा. पहिल्या युद्धात इराकात मेलेले असतील तर नाव बहुतेक बसरा मेमोरियलच्या, म्हणजे तिथल्या युद्धस्मारकाच्या, नोंदीत येईल, आणि इथं एक गोष्ट मला आजही टोचते, त्या भिंतीवर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. २०२१ साली त्याच कमिशनच्या अहवालात हा भेदभाव कबूल केलाय. म्हणजे शंभर वर्षं जे नाव दगडावर आलंच नाही ते तुमच्या घराच्या भिंतीवर पहिल्यांदा येणार, त्यामुळं स्पेलिंग नीट करा.

(एक इशारा: लाहोर म्युझियमचे युद्धाचे रजिस्टर ऑनलाईन आलेत म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतंय, ते फक्त पंजाबचे आहेत. आपली माणसं त्यात नाहीत, रात्री जागवू नका.)

आता चुलत आजोबा, ७१ वाले. इथं काम सोपं आहे, कारण ही स्वतंत्र भारताची फौज, कागद आपल्याच देशात. मराठा लाइट इन्फंट्रीचं (मराठा रेजिमेंट म्हणतात ती हीच) रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. महार रेजिमेंट असती तर सागर, तोफखाना नाशिक रोड, सॅपर्स खडकी, रणगाडेवाले अहिल्यानगर, सिग्नल जबलपूर. हे चुकलं की पत्र सहा महिने फिरत राहतं. साधं पत्र लिहा, नंबर, रँक, नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका, अंदाजे भरतीचं साल, मृत्यूची तारीख, आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. भाषा हिंदी चालते, मराठीही वाचतात तिथं, फक्त "आमच्या आजोबांनी देशासाठी रक्त सांडलं" अशी दोन पानं लिहू नका, क्लार्कला नंबर पाहिजे असतो. मीच होतो तो क्लार्क, सांगतो ना! जुने शीट रोल (एकेका शिपायाचा नोकरीचा कागद) बऱ्याचदा ठेवायची मुदत संपली म्हणून नष्ट केलेले असतात, तसं उत्तर आलं तर नाउमेद होऊ नका, परत लिहा की लाँग रोलमधली (सगळ्यांच्या कायमच्या रजिस्टरातली) नोंद द्या, ती राहते. नंबरच नसेल तर त्यांच्या मागं कुणाला फॅमिली पेन्शन होती का बघा, पी.पी.ओ. वर (पेन्शनच्या हुकमावर) नंबर असतोच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक चक्कर मारा, वीरनारींच्या जुन्या नोंदी असतात.

ते ७१ ला गेले म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं, तिथल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटेवर त्यांचं नाव असायला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर गेलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जणांची नावं आहेत तिथं. आधी ते बघा, नाव सापडलं तर फोटो मागवा नाहीतर स्वतः जा, आणि आजोबांना घेऊन जा, पुतळ्याच्या बजेटमध्ये सगळ्या घराची दिल्ली होते. मेडलांमध्ये पूर्वी स्टार असेल तर ते बांगलादेशच्या बाजूला होते, पश्चिमी स्टार असेल तर पाकिस्तानच्या. जंगी पलटण त्या वेळी बांगलादेशातल्या जमालपूरला होती, १०-११ डिसेंबरच्या रात्री तिथं मोठी लढाई झाली. पण पत्राचं उत्तर येईपर्यंत पाटीवर जमालपूर लिहू नका. मराठा रेजिमेंटच्या कितीतरी पलटणी होत्या, सगळ्या तिथं नव्हत्या.

"शहीद" लिहावं का, हे लोक हमखास विचारतात. फौजेच्या कागदात हा शब्द नाही, तिथं "बॅटल कॅज्युअल्टी" असतं, सरकारनं २०१७ ला माहिती आयोगापुढं तसं सांगितलंय. तुमच्या पाटीवर तुम्ही लिहा, कुणी अडवत नाही, मी असतो तर "वीरगती" किंवा सरळ "लढाईत मृत्यू" लिहिलं असतं आणि जागा-तारीख दिली असती. मेडल कार्यक्रमात लावायचं असेल तर नातेवाइकानं उजव्या छातीला लावायचं, डावी बाजू ज्यानं कमावलं त्याची. आणि पोराला फौजी ड्रेस घालून स्टेजवर उभं करायचा मोह टाळा, तो युनिफॉर्म आहे, गॅदरिंगचा ड्रेस नाही.

अवघड प्रश्न दुसराच असतो, तो लोक हळू आवाजात विचारतात: पणजोबा इंग्रजांच्या फौजेत होते, मग त्यांचा कसला मान? आणि आपल्या सोलापुरात तर हा प्रश्न जास्तच टोचतो, १९३० चा मार्शल लॉ इथं लागला, १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे येरवड्यात फासावर गेले. चौकातून जाताना त्या चौघांना हात जोडायचे आणि घरी इंग्रजी राजाचं डोकं असलेलं मेडल देव्हाऱ्यात? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. शिपायाला तेव्हा महिना अकरा रुपये मिळायचे. बार्शी, करमाळा, सांगोला, एक पाऊस गेला की घर उठायचं. तो राजासाठी नव्हता गेला, घरातली चूल पेटावी म्हणून गेला. हे तसंच लिहा की पाटीवर! "दुष्काळात भरती झाले" हे वाक्य मला "महान योद्धा"पेक्षा दहापट आवडतं. दोघांना एकाच तराजूत घालायची गरज नाही, चौघांची जागा चौकात आहे, पणजोबांची घरात.

आणि रँक कमी निघाली तर? मोहोळकडचं एक कुटुंब आलं होतं, पणजोबा सुभेदार म्हणून गावात कमानीची तयारी. मेडल हातात घेतलं तर तांब्याच्या रंगाचं, ब्राँझ. घोडेस्वार तोच, पण हे ब्राँझचं मेडल मजूर, हमाल, अशा तुकड्यांना द्यायचे. कडेवर पोर्टर कोअर. म्हणजे ओझी वाहणारे. मी सांगितलं तेव्हा सगळे गप्प, थोरला मुलगा उठून बाहेर गेला. मी त्यांच्या आईला चहा दिला. ती म्हणाली, "म्हणून त्यांच्या खांद्याला घट्टे होते व्हय, सासूबाई सांगायच्या." कमान झाली नाही. पाटी झाली, घरात, आणि तिच्यावर "पोर्टर कोअर" लिहिलंय, मी बघून आलो.

रीतीभातीचं म्हणाल तर आपल्याकडं सगळं आधीच आहे, बाहेरून आणायला नको. पितृपक्षात चतुर्दशीला पंचांगात बघा, शस्त्रानं, घातानं गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी असतं, घातचतुर्दशी म्हणतात. तुमचे चुलत आजोबा लढाईत गेले, त्यांचं पान त्या दिवशी वाढायचं. पणजोबा घरी वारले, त्यांचं त्यांच्या तिथीला, नाही माहिती तर सर्वपित्रीला. ज्यांच्यात श्राद्ध नाही त्यांनी ४ फेब्रुवारीचा मराठा रेजिमेंटचा दिवस धरावा, सिंहगड घेतला तो दिवस, किंवा ७ डिसेंबरचा ध्वजदिन. आणि गावच्या मारुतीपुढं वीरगळ आहे का बघा, शेंदूर फासलेला उभा दगड. खाली लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, वरती तो पिंडीपुढं बसलाय, आणि टोकाला चंद्र-सूर्य. कुणाचा आहे, गावात कुणालाच सांगता येत नाही, कारण बहुतेक वीरगळांवर नाव नाही. पुतळ्याच्या घाईत असलेल्या भावकीला एकदा तो दगड दाखवा.

मी सुचवेन ते एवढं: काळ्या दगडाची दीड बाय दोन फुटांची पाटी, घराच्या दारापाशी नाहीतर ओसरीवर. वर नंबर, रँक, नाव, पलटण. खाली कुठं, केव्हा. त्याखाली एक ओळ त्यांच्या बायकोच्या नावाची. पणजीनं ती वर्षं एकटीनं काढली, तिचं नाव मी आजपर्यंत फक्त दोन पाट्यांवर बघितलंय. कागदांचे आधी फोटो काढा, मग ते साध्या कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. लॅमिनेशन अजिबात करू नका. हे मी शहाणपणानं सांगत नाही, माझ्याच आजोबांचं डिस्चार्ज बुक मी हौसेनं मशीनमधून काढलं, पातळ कागद चुरगळला, शाई पसरली, आणि "कॅरेक्टर" या रकान्यापुढं काय लिहिलं होतं ते आता कुणालाच वाचता येत नाही. रेकॉर्ड ऑफिसचा माणूस मी, आणि ही तऱ्हा.

गावजेवण घालाच, त्याला माझं काही म्हणणं नाही, बार्शीकडची आमटी असेल तर मलाही बोलवा. पण बेळगावचं उत्तर यायला वेळ लागतो, पत्र या आठवड्यात टाका. आणि मेडलच्या कडेचे फोटो काढा, एक नको, गोल फिरवत सहा-सात, फ्लॅश बंद ठेवून, बॅटरी बाजूनं. ते पाठवा, नंबर मी लावून देतो.